आसवांचा पंचनामा

न्हावा आणि शेवा ही मुळात खाडीकाठची दोन गावे. आगऱ्यांची मिठागरे आणि भातखाचरे, कोळ्यांच्या होड्या, आणि समोर पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर, एवढेच या मुलखाचे पूर्वीचे वैभव होते. २६ मे १९८९ रोजी येथे जे बंदर रीतसर सुरू झाले त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव लाभले, आणि या किनाऱ्यावरचा व्यवहार सारा कागदाचा आणि मोहोरेचा होऊन बसला. कंटेनर कोणताही असो, त्याच्या दारावर क्रमांकाचे सील असते, आत काय भरले आहे याचे लेखी कथन अगोदरच दप्तरी दाखल झालेले असते, आणि जकात अधिकाऱ्याच्या मनात किंतु आला म्हणजे ते सील तोडून, पंचांच्या समक्ष, आतला माल कागदाशी ताडून पाहता येतो. मनुष्याच्या डोळ्यांतून येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत ही सोय विधात्याने ठेवलेली नाही. ते बाहेर आले एवढेच दिसते. ते कोणत्या मालाबरोबर आले हे पाहण्यासाठी तोडावे असे सील कोठेच नसते.

ज्यांचे नाव या बंदराला आहे त्यांच्याच डोळ्यांतील पाण्याविषयी गेली साठ वर्षे एक कथा आपल्याकडे सांगितली जाते. चीनबरोबरचे युद्ध थांबून दोन महिने लोटले होते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर, लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे हुतात्मा जवानांवरील गीत गायिले, आणि त्याची चाल होती सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. गाणे आटोपून लताबाई रंगमंचामागे कॉफी घेत बसल्या असता मेहबूब खान त्यांना शोधीत आले, पंडितजी बोलावीत आहेत म्हणाले, आणि पंडितजींनी, तुझ्या गाण्याने मला रडविले, अशा आशयाचे काहीसे सांगितले. ही हकीकत स्वतः लताबाईंनी पुढे अनेकदा कथन केली. असल्या प्रत्येक कथेच्या वाट्याला जो संशय येतो तो हिच्याही वाट्याला आला. फौजदारी वकिलाच्या नजरेने पाहिले तर येथे मुख्य साक्षीदार ती गायिकाच आहे, आणि मुद्देमाल केव्हाच वाळून गेला आहे. डोळे भरून आले की ओघळले? ओघळले असतील तर ते त्या स्वराने, की पराभूत सेनेच्या आठवणीने, की आपल्याच धोरणाच्या अपयशाच्या शल्याने? आणि हजारो लोक पाहत असताना राष्ट्रनेत्याने गहिवरणे हा जिव्हाळा समजावा की शिष्टाचार?

बारकाईने पाहिले असता या संशयात तीन निरनिराळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले आढळतात. पाणी आले काय, हा पहिला. त्या पाण्यामागे खरोखर भावना होती काय, हा दुसरा. आणि ज्या आवाजाने ते आणले तो आवाज तरी खरा होता काय, हा तिसरा. आपण बहुधा या तिन्हींचा निकाल एकाच शब्दात लावतो, ‘नाटक’ म्हणतो आणि मोकळे होतो. हे गाठोडे सोडवून पाहण्यास दिल्लीच्या स्टेडियमपेक्षा न्हाव्याच्या खाडीकाठचा हळदीचा मांडव अधिक सोयीचा आहे असे माझे मत झाले आहे.

आगरी-कोळ्यांच्या घरी लग्नापेक्षा हळदीचा बोलबाला मोठा. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून निघालेला पाहुणा समुद्रावरून घटकाभरात या बाजूस उतरतो, आणि त्याच्या कानावर प्रथम पडतो तो बेंजो. त्या गलबल्यात एक गोष्ट त्याच्या लक्षात येतेच असे नाही. मांडवात एका बाजूस, पुरलेल्या चौकाजवळ, लुगड्याचा काष्टा घातलेली एक वयस्क बाई बसलेली असते आणि तिच्याभोवती चार-सहा बायका दाटीवाटीने बसलेल्या असतात. ती धवलारीण. तिच्याजवळ पोथी नसते, पेटी नसते, तबला नसतो. ती एक ओळ संथपणे उचलते, तीच ओळ भोवतीच्या बायका पुन्हा म्हणतात, चाल थोड्याच स्वरांत घोटाळत राहते, आणि तेलवण असो, हळद असो की मांडव असो, तिच्या धवल्यावाचून विधी पुढे सरकत नाही. पुष्कळ घरांतून लग्न लावण्याचा अधिकारही परंपरेने तिचाच. देवांना आवतण, गावदेवीला आवतण, कार्ल्याच्या एकवीरेला आवतण, घरातील गेलेल्या माणसांना आवतण, असे करीत करीत ती नवरीच्या नावापर्यंत येते, आणि वाटेत त्या त्या घरच्या जिवंत-मृत माणसांची नावे ओळींतून ओवीत जाते.

हा प्रकार आजचा नव्हे. चालुक्यराजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कोणते गीत कोणत्या प्रसंगी गावे याचा तपशील आला आहे; कांडणाच्या वेळी महाराष्ट्रातील स्त्रियांनी गावयाची ती ओवी, असे जेथे सांगितले आहे तेथेच विवाहप्रसंगी धवल गावे असेही सांगितले आहे. पुढच्या शतकात महदंबेने ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचून म्हटले, आणि त्या धवळ्यांमुळे मराठीची आद्य कवयित्री हा मान तिला मिळाला. विद्यापीठांतून महदंबेच्या धवळ्यांवर प्रबंध लिहिले जातात. तोच प्रकार उरण-पनवेलच्या मांडवात जिवंत गळ्याने अजून चालू आहे, ही गोष्ट मात्र त्या प्रबंधांच्या वाचकांना क्वचितच ठाऊक असते.

आता त्या मांडवात जरा जवळ जाऊन पाहू. धवलारीण नवरीच्या आईच्या नावापाशी येते. आई पाटाच्या मागे उभी असते, हात हळदीने माखलेले असतात. ओळ दुसऱ्यांदा फिरते तोच तिची हनुवटी थरथरू लागते, हुंदका येतो, आणि पिवळे हात लागू नयेत म्हणून ती मनगटाने पदर ओढून डोळ्यांना लावते. भोवतीच्या बायकांचेही डोळे भरतात. एवढ्यात घरातला कोणी मुलगा विचारतो की नारळ कोठे ठेवले आहेत. आई पदर बाजूला करते, अगदी रोजच्या आवाजात नारळ फळीवर आहेत, आणि पाच घे, सहा नको, असे बजावते, आणि तो वळताच पदर पुन्हा डोळ्यांना जातो व रडणे जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होते. शहरातून आलेला पाहुणा हे पाहतो आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणतो, पाहिलेत? सारे ठरलेले असते.

पाहुण्याचे निरीक्षण बिनचूक आहे. सारे ठरलेलेच असते. चुकतो तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

रॅडक्लिफ-ब्राउन नावाचे इंग्रज मानवशास्त्रज्ञ १९०६ ते १९०८ या काळात अंदमानात राहिले, आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी तेथील आदिवासींच्या रडण्याच्या चालीरीतींवर विस्ताराने लिहिले. दुरावलेले आप्त पुष्कळ दिवसांनी भेटले, दोन वैरी गटांत तह झाला, कोणी मेले, किंवा कोणाचे लग्न झाले, की गळ्यात हात टाकून बसायचे आणि रडायचे, अशी तेथली रीत होती. ती नीट पाहावी म्हणून त्यांनी काही मंडळींना रडून दाखविण्याची विनंती केली. दोघे-तिघे तत्काळ खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून खरीखुरी आसवे वाहू लागली. या एका नोंदीने आपल्या पाहुण्याची पंचाईत करून ठेवली आहे, कारण फर्माइशीवरून आलेले पाणी खोटे असावे असा त्याचा सिद्धांत, आणि ते तर डोळ्यांतूनच आलेले, गालांवरून ओघळणारे. साहेबांनी काढलेला अर्थ असा की, हे रडणे म्हणजे नात्यावर मारलेली मोहोर. जेथे नाते तुटून नव्याने जुळते, किंवा जुळलेले दूर जाते, तेथे समाज आपल्या माणसांकडून तिची अपेक्षा करतो. फ्रेंच पंडित मार्सेल मोस यांनी १९२१ सालीच ऑस्ट्रेलियातील अंत्यविधींवर लिहिताना भावनांच्या सक्तीच्या आविष्काराची कल्पना मांडली होती, आणि सक्तीचे असल्याने ते दुःख लटके ठरत नाही असेही बजावले होते.

याहून विलक्षण उदाहरण पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांचे. स्टीव्हन फेल्ड यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ १९८२ साली आला. तेथे एका गावचे गायक रात्री दुसऱ्या गावच्या लांबलचक घरात पाहुणे म्हणून जातात आणि यजमानांना रडविण्यासाठीच गातात. शोकाचे शब्द ते फारसे वापरीत नाहीत. ते स्थळांची नावे घेतात. अमुक ओढा, अमुक पाऊलवाट, अमुक झाड, जेथे यजमानांची गेलेली माणसे कधी काळी वावरली. नाव लागते आणि कोणाचा तरी बांध फुटतो. तो रडत उठतो, मशाल घेतो आणि ज्याने रडविले त्या गायकाच्या खांद्याला ती लावून चटका देतो. गायक गात राहतो. पहाटे निघताना, ज्यांना ज्यांना रडविले त्यांना भरपाई म्हणून पाहुणे काही वस्तू ठेवून जातात. गाण्याला मिळालेली यापेक्षा प्रामाणिक दाद मला ठाऊक नाही, आणि तरीही दिवस, स्थळ, गायक, फार काय, भरपाईसुद्धा आगाऊ मुकरर असते.

स्थळांच्या नावांचा हा महिमा शेव्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. बंदरासाठी शेवा गाव उठले. काही वस्ती नवीन शेवा म्हणून वसली, काही हनुमान कोळीवाडा म्हणून. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. या साऱ्याचे कागद महसूल खात्याच्या दप्तरात आहेत, सातबारे आहेत, निवाडे आहेत. उठलेल्या गावाची वेस कोठे होती याचे स्मरण मात्र त्या गावच्या माणसांनीच जपायचे. नव्या वसाहतीतल्या मांडवात धवलारीण गावदेवीला आवतण धाडते तेव्हा ते आवतण कोणत्या पत्त्यावर जात असेल, हा विचार मनात आला की त्या ओळीशी म्हाताऱ्या बायकांचे डोळे का पाणावतात याची शहानिशा करीत बसण्याची इच्छा उरत नाही.

तरी पहिल्या प्रश्नाला, म्हणजे पाण्याच्या प्रश्नाला, शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले पाहिजे. हुंदक्याचा आवाज काढणे हे स्नायूंचे काम आहे आणि ते सवयीने कोणालाही साधते. चेहरा पाडणे त्याहून सोपे. परंतु अश्रुग्रंथींवर आपली हुकमत चालत नाही. त्या ज्या मज्जासंस्थेच्या अंमलाखाली आहेत ती इच्छेचे हुकूम थेट पाळीत नाही. विल्यम फ्रे यांनी १९८१ साली कांदा चिरताना येणारे अश्रू आणि मन हेलावल्याने येणारे अश्रू गोळा करून तपासले, तेव्हा दुसऱ्या प्रकारात प्रथिनांचे प्रमाण अधिक आढळले. रोमांचांचेही तसेच, केसांच्या मुळाशी असणारे बारीक स्नायू ताठ करून दाखव म्हटले तर शंभरात क्वचितच कोणाला जमेल.

भरतमुनींना हे पुरते अवगत होते. नाट्यशास्त्रात त्यांनी स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आणि ते इतर अभिनयापासून वेगळे काढले, ते अशा कारणाने की ते मनाच्या एकाग्रतेवाचून उत्पन्नच होत नाहीत. जो दुःखी नाही तो रडण्याचे दुःख दाखवील कसे, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आहे. म्हणजे नटाला अश्रू आणावयाचे तर त्याने त्या घटकेपुरते का होईना, मन त्या ठिकाणी नेले पाहिजे. मांडवातली आई दुसरे काय करीत असते? धवल्याची ओळ तिच्या मनाचा हात धरून तिला त्या ठिकाणी नेते, नारळाचा प्रश्न तिला परत आणतो, आणि ओळ तिला पुन्हा नेते. रस्ता पायाखालचा असला म्हणून त्या गावी ती गेलीच नाही असे कसे म्हणावे?

किंबहुना रस्ता ओळखीचा असणे हेच येथे कामाला येते. माँट्रियलच्या संशोधकांनी २००१ साली आणि पुन्हा २०११ साली, ऐकणाऱ्यांना त्यांच्याच आवडीचे, अंगावर काटा आणणारे संगीत ऐकवून मेंदूतील हालचाल तपासली. दुसऱ्या तपासणीत असे दिसले की डोपामिन हे रसायन उत्कर्षाच्या क्षणी तर स्रवतेच, परंतु तो क्षण येण्यापूर्वी, त्याची वाट पाहण्याच्या काळातही, मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवू लागते. वाट पाहण्यासाठी काय येणार हे ठाऊक असावे लागते. शंभर वेळा ऐकलेल्या ठुमरीत तीच जागा पुन्हा यावी म्हणून आपण श्वास रोखून बसतो, आणि ती आली की मान डोलावतो. तेथे ‘हे तर ठरलेलेच होते’ असा आक्षेप कोणा रसिकाने घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हा आक्षेप फक्त गरिबाच्या मांडवात का आठवावा?

गाणाऱ्याच्या बाजूने पाहिले म्हणजे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे होते. प्लेटोच्या ‘आयॉन’ या संवादात होमरची काव्ये गाऊन दाखविणारा एक व्यावसायिक सॉक्रेटिसापुढे मोकळेपणाने कबुली देतो. करुण प्रसंग म्हणताना माझे डोळे भरून येतात, असे तो सांगतो. आणि लगेच असेही सांगतो की मी मंचावरून श्रोत्यांवर बारीक नजर ठेवून असतो, कारण ते रडले तर पैसे मोजताना मी हसेन, आणि ते हसले तर रडण्याची पाळी माझ्यावर येईल. या कबुलीत अनेकांना ढोंग दिसते. मला तिच्यात कारागिरी दिसते. भरले डोळे आणि सावध नजर एकाच चेहऱ्यावर नांदू शकतात, हे ज्याने चार माणसांसमोर कधी काही सादर केले आहे त्याला सांगावे लागत नाही; आपले कीर्तनकार तर आख्यानातील करुण प्रसंगात कंठ दाटून आलेला असतानाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून टाळकऱ्याला लय सांभाळण्याची खूण करतात. धवलारणीचेही तेच. तिचा स्वर कापतो, परंतु घरातल्या कोणाचे नाव राहून गेले तर उद्या रुसवेफुगवे होतील याचे भान तिला अखंड असते.

बालगंधर्वांची गोष्ट महाराष्ट्रास परिचित आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचा मृत्यू झाला. त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. भामिनीचे शृंगाराचे, मानाचे, रुसव्याचे सूर त्यांनी त्या रात्री लावले, आणि प्रेक्षक तृप्त होऊन घरी गेले. पुढे १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये ते सिंधू झाले. तेथे दुःख सिंधूचे, गळा पुरुषाचा, लुगडे वेषाचे, आणि प्रेक्षागृहातील स्त्रियांचे अश्रू मात्र खरे. मुलगी गेली त्या रात्रीच्या आनंदाच्या सुरांना खोटे म्हणावे, की सिंधूच्या दुःखाच्या सुरांना? खऱ्याखोट्याचा तराजू गाणाऱ्याच्या खासगी आयुष्यावर टांगला की असा फजितीचा प्रसंग येतो. माझ्यापुरता मी तो तेथून काढून ठेवला आहे. गाणाऱ्याने स्वर लावला काय, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला काय, एवढेच विचारण्याचा अधिकार श्रोत्याला आहे. घरी जाऊन तो जेवला की उपाशी झोपला याची झडती घेण्याचा नाही.

भाड्याच्या आसवांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नीरो बादशहाने स्वतःच्या गायनासाठी पाच हजार तरुण टाळ्या पिटण्यास शिकवून तयार ठेविले होते, आणि एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या नाट्यगृहांत योग्य जागी रुमाल डोळ्यांना लावणाऱ्या बायका पगारावर मिळत असत. आजच्या दूरदर्शनवरील गायनस्पर्धांत परीक्षकाचे पाणावलेले डोळे नेमके कोणत्या ओळीला पाणावले होते, आणि संकलकाने ते कोणत्या ओळीला नेऊन जोडले, हे त्या संकलकाखेरीज कोणास कळणार? येथे मात्र संशय रास्त आहे. परंतु हा संशय रडणाऱ्यावर नसून जोडणाऱ्यावर आहे, हे विसरू नये.

आणि आता तिसरा प्रश्न, आवाजाचा. माझ्या मते खरी फिर्याद दाखल करण्याजोगी आहे ती येथेच. १० फेब्रुवारी २००६ रोजी इटलीतील तुरिन येथे हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनास पाव्हारोत्ती गायिले आणि जगाने डोळे पुसले. ते त्यांचे अखेरचे जाहीर गायन ठरले. पुढच्या वर्षी ते निवर्तले, आणि २००८ साली त्यांचे वाद्यवृंदसंचालक लेओने माजेरा यांनी उघड केले की गाणे काही दिवस आधी ध्वनिमुद्रित केले होते, आणि त्या थंडीत त्या आजारी वृद्धाने केवळ ओठ हलविले होते, वादकांनीही वाजविण्याचा अभिनयच केला होता. त्याच वर्षी ८ ऑगस्टला बीजिंग येथे ऑलिंपिकच्या उद्घाटनात नऊ वर्षांची लिन म्याओके लाल पोशाखात गोड गाताना दिसली, आणि थोड्याच दिवसांत तेथील संगीतदिग्दर्शकांनीच सांगितले की आवाज यांग पेयी या सात वर्षांच्या दुसऱ्या मुलीचा होता, जिचा चेहरा निवड करणाऱ्यांना पसंत पडला नव्हता. पहिल्या प्रकाराला मी क्षमा करतो. आवाज निदान त्याच गळ्याचा होता. दुसऱ्या प्रकारास क्षमा करणे कठीण, आणि ते ऐकणाऱ्यांच्या फसवणुकीमुळे नव्हे, तर पडद्यामागे बसविलेल्या त्या मुलीमुळे. दोन्ही ठिकाणी श्रोत्यांचे अश्रू मात्र शाबूतच राहतात. नकली नोट देऊन फसविलेल्या माणसाची भूक जशी नकली ठरत नाही, तसेच हे.

यंत्राने सूर दुरुस्त करण्याची कळ तर आता सर्वत्र आहे, आणि तिची उत्पत्ती उरणकरांना मौजेची वाटेल. १९९७ साली ऑटो-ट्यून नावाची जी करामत बाजारात आली तिचे जनक अँडी हिल्डब्रँड हे मूळचे तेलशोधाच्या व्यवसायातले. भूगर्भात ध्वनिलहरी सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून खाली तेल आहे की नाही हे ताडण्याचे गणित ते करीत असत, आणि तेच गणित त्यांनी गळ्याच्या स्वराला लावले. मुंबई हायचे तेल ज्या उरणच्या प्रकल्पात येते, त्याच्या आसपासच्या हळदींत त्याच विद्येने सरळ केलेले सूर ध्वनिवर्धकांतून गर्जत असतात, असा हा योगायोग. मी या कळीचा शत्रू नाही. नाचायला ती ठीक आहे.

परंतु धवल्यांच्या बाबतीत एक नवी पद्धत येऊ पाहत आहे, आणि तिच्याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. ध्वनिमुद्रित धवले आता मोबाईलवर मिळतात. धवलारणी थकल्या, मुली शिकून नोकरीला लागल्या, मांडवात बसून रात्रभर गायला माणूस मिळत नाही, म्हणून कोणी ती मुद्रिते लावून विधी उरकतात. अडचण खरी आहे, आणि जपून ठेवण्यासाठी मुद्रण झालेच पाहिजे. तथापि त्या मुद्रितात या घरची नावे नसतात. ते कोणा दुसऱ्याच्या नवरीला, दुसऱ्याच्या आजोबांना हाक मारते. ते नारळाच्या प्रश्नासाठी थांबत नाही, आणि आईचा हुंदका ओसरेपर्यंत ओळ तिसऱ्यांदा फिरवीत नाही. त्यावरही कोणी रडेल, सवयीने आणि आठवणीने, आणि ते पाणी मी खोटे म्हणणार नाही. गाणे मात्र त्या मांडवात झाले नाही, एवढे खरे.

उरण-पनवेलकडच्या हळदीचे आवतण तुम्हांला आले तर दोन गोष्टी करा. बेंजो सुरू होण्याअगोदर पोहोचा. आणि पुढच्या रांगेतली खुर्ची कोणी पुसून दिली तरी तिच्यावर न बसता चौकाजवळ बायकांच्या मागे उभे राहण्यापुरती जागा मिळते का पाहा. धवलारीण ध्वनिवर्धक नसेल तर फार लांब ऐकू येत नाही.